पेसमेकर बदलताना : निर्णयप्रक्रियेतील रुग्णाच्या सहभागाचे स्वरूप आणि मर्यादा

गोषवारा

हृदयाचे ठोके नियमित राखण्यासाठी शरीरात बसविलेल्या पेसमेकरची बॅटरी काही वर्षांनी क्षीण होते आणि उपकरण बदलावे लागते. पहिला पेसमेकर पुष्कळदा तातडीच्या प्रसंगी बसविला जातो व त्या वेळी रुग्णास विचार करण्यास उसंत नसते. बदलाच्या वेळी मात्र सामान्यतः पुरेसा अवधी असतो, तसेच रुग्णाजवळ त्या उपकरणासह जगण्याचा अनेक वर्षांचा अनुभवही असतो. तथापि व्यवहारात हा बदल केवळ एक तांत्रिक सोपस्कार म्हणून पार पाडला जातो. प्रस्तुत लेखात या बदलाच्या वेळी कोणकोणते निर्णय घ्यावे लागतात, त्यांपैकी कोणत्या निर्णयात रुग्णाचे मत महत्त्वाचे ठरते आणि कोठे वैद्यकीय मर्यादा येतात, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पेसमेकर, उपकरण-बदल, माहितीपूर्ण संमती, सहनिर्णय, रुग्णहक्क.

१. प्रस्तावना

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला पूर्णतः अंतःस्थापित पेसमेकर बसविण्यात आला. अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी तो तयार केला आणि शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी तो बसविला. या घटनेचा उल्लेख वैद्यकशास्त्राच्या इतिहासात नेहमी होतो; मात्र तिची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. उपकरण अद्याप सिद्ध झाले नसतानाही ते तयार करून बसवावे, असा आग्रह लार्सन यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी या दोघांकडे धरला होता. म्हणजे पेसमेकरच्या इतिहासाचा प्रारंभच रुग्णपक्षाच्या सहभागाने झाला आहे. ते पहिले उपकरण काही तासच चालले. पुढे लार्सन यांच्या शरीरात वीसहून अधिक वेळा नवे उपकरण बसविले गेले. २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा एल्मक्विस्ट व सेनिंग हे दोघेही हयात नव्हते.

लार्सन यांच्या आयुष्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. पेसमेकर एकदा बसविला की विषय संपत नाही. सुरुवातीच्या काळातील पारा-जस्त बॅटऱ्या सुमारे दोन वर्षांत संपत. १९७० च्या दशकात लिथियम-आयोडीन बॅटरी आल्यानंतर हा काळ पुष्कळ वाढला. आज उपकरणाचा प्रकार व वापर यांनुसार साधारणतः आठ ते बारा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ बॅटरी टिकते. साठीत पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीला आयुष्यात एक-दोनदा, तर तरुणपणी बसविलेल्या व्यक्तीला अनेकदा या बदलाला सामोरे जावे लागते.

या विषयाकडे वळण्यास एक कौटुंबिक अनुभव कारणीभूत ठरला. प्रस्तुत लेखकाचे वडील निवृत्त शिक्षक आहेत. सायनस नोडच्या विकारामुळे त्यांना पेसमेकर बसविण्यात आला होता. नऊ वर्षांनी तो बदलण्याची वेळ आली. चालताना त्यांना काही त्रास होत नसे, परंतु सायकलवरून गावाबाहेरचा चढ चढताना दम लागे आणि पाय गळून जात. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी, असे त्यांच्या मनात होते. प्रत्यक्षात उपकरणाविषयीचे बोलणे दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर आणि लेखक यांच्यात पाच मिनिटांत उरकले. ‘पूर्वीचाच प्रकार बसवू’ असे ठरले आणि वडिलांनी संमतिपत्रावर सही केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मात्र चढावरचा त्रास तसाच राहिला. त्या पाच मिनिटांत लेखकानेही वडिलांना काही विचारले नव्हते. प्रस्तुत विवेचनामागे ही जाणीव आहे.

२. उपकरण-बदल म्हणजे नेमके काय?

पेसमेकरचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे धातूची लहानशी डबी. तिच्यात बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक मंडल असते व ती छातीच्या वरच्या भागात त्वचेखाली ठेवलेली असते. दुसरा भाग म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या विद्युत्वाहक तारा. त्यांना लीड म्हणतात. एक लीड असेल तर ती बहुधा उजव्या निलयात असते. दोन असतील तर एक अलिंदात व दुसरी निलयात असते. बॅटरी वेगळी काढून बदलता येत नसल्यामुळे संपूर्ण डबीच बदलावी लागते. तारा सुस्थितीत असतील तर त्याच ठेवतात. स्थानिक भूल देऊन जुनी जखम पुन्हा उघडली जाते, तारांची तपासणी होते आणि नवी डबी त्यांना जोडली जाते.

बॅटरी एकाएकी बंद पडत नाही. विशिष्ट पातळीपर्यंत ती उतरली की उपकरण ‘बदलाची वेळ आली’ असा संकेत नोंदविते. त्यानंतर साधारणतः तीन महिने ते काम करू शकते. काही उपकरणे या टप्प्यावर ऊर्जा वाचविण्यासाठी साध्या कार्यपद्धतीवर जातात. त्यामुळे रुग्णास अचानक थकवा जाणवू शकतो. नियमित तपासणी होत असेल तर हा टप्पा येणार असल्याचा अंदाज बराच आधी येतो. विचारविनिमयासाठी लागणारा वेळ येथे उपलब्ध असतो. त्याचा उपयोग करून घेणे महत्त्वाचे आहे.

ही शस्त्रक्रिया लहान असली तरी निर्धोक नाही. जुनी जागा पुन्हा उघडल्याने जंतुसंसर्गाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा वाढते. अमेरिकेतील ‘रिप्लेस’ या नोंदणी-अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात पेसमेकर व डिफिब्रिलेटर या दोन्ही उपकरणांच्या बदलांचा समावेश होता. केवळ डबी बदललेल्या रुग्णांपैकी ४.० टक्के रुग्णांत सहा महिन्यांच्या आत मोठी गुंतागुंत उद्भवली. डबीसोबत नवी लीड घालण्याचे योजिले होते, अशा रुग्णांत हे प्रमाण १५.३ टक्के होते. ‘आता उघडतोच आहोत, तर एक तार वाढवून घेऊ’ हा विचार किती गंभीर आहे, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येते.

३. निर्णयाचे विविध पैलू

३.१ बदल आवश्यक आहे काय?

हा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनीच तो उपस्थित केला आहे. अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी २०१८ साली मंद हृदयगतीसंबंधी संयुक्त तत्त्वे प्रसिद्ध केली. बदलासाठी आलेल्या रुग्णात पेसमेकर बसविण्याचे मूळ कारण उरले नसेल किंवा त्याविषयी शंका असेल, तर उपकरणाचे कार्य थांबवून, देखरेखीखाली लक्षणे पाहून, उपचार बंद करण्याचा विचार रास्त ठरतो, असे त्यांत म्हटले आहे. याउलट ज्यांचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवर विसंबून आहे, त्यांच्या बाबतीत बदल लांबविणे प्राणघातक ठरू शकते. रुग्ण कोणत्या गटात मोडतो, हे उपकरणातील नोंदी व डॉक्टरांची तपासणी यांवरूनच ठरते. तथापि ‘माझे हृदय किती प्रमाणात यावर अवलंबून आहे?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे आणि त्याचे उत्तर उपकरणाच्या नोंदींत बहुधा टक्केवारीच्या स्वरूपात उपलब्ध असते.

३.२ तोच प्रकार की निराळा?

दरम्यानच्या वर्षांत रुग्णाची प्रकृती बदललेली असते. निलयाला सातत्याने कृत्रिम स्पंदन दिल्याने काही रुग्णांत हृदयाची आकुंचनशक्ती घटते. अशा वेळी दोन्ही निलयांचे आकुंचन एकाच वेळी घडविणारे प्रगत उपकरण उपयुक्त ठरू शकते. म्हणून बदलापूर्वी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच इकोकार्डिओग्राफी, करून घेणे हिताचे असते. दुसरीकडे, अधिक गुंतागुंतीचे उपकरण प्रत्येकाला लाभदायक असतेच असे नाही. सत्तरी ओलांडलेल्या व तीव्र हार्ट ब्लॉक असलेल्या २,०२१ रुग्णांवर ब्रिटनमध्ये ‘यूकेपेस’ चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. एक लीड आणि दोन लीड असलेल्या उपकरणांमुळे पहिल्या पाच वर्षांतील मृत्युदरात फरक पडला नाही, असे तीत आढळले. लाभ, वाढीव धोका आणि खर्च यांचा हिशेब रुग्णापुढे मांडला गेला, तरच त्याची संमती अर्थपूर्ण ठरते.

३.३ आकार की आयुष्य?

लहान उपकरण त्वचेखाली कमी दिसते, तर मोठ्या बॅटरीचे उपकरण अधिक काळ टिकते व पुढच्या शस्त्रक्रिया टळतात. उपकरणे लहान करण्याकडे उत्पादकांचा कल राहिला. रुग्णांना काय हवे, हे विचारणारा एक अभ्यास २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात बहुसंख्य रुग्णांनी लहान आकारापेक्षा दीर्घ आयुष्याला पसंती दिली. २०१६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॉन डीन व नील सुल्क या हृदयरोगतज्ज्ञांनी याच प्रश्नावर टीकात्मक लेख लिहिला. बॅटरी अकाली संपल्याने रुग्णांना टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रियांना तोंड द्यावे लागते, अशी त्यांची भूमिका होती. अर्थात सर्वांची निवड एकच असणार नाही. पंचेचाळीस वर्षांच्या रुग्णाला दीर्घायुषी बॅटरी मोलाची वाटेल. अत्यंत कृश, नव्वदीतील वृद्धेला मात्र त्वचेवर ताण न आणणारी लहान डबी सुखावह होईल. हा भेद केवळ वैद्यकीय निकषांवर ठरत नाही. रुग्णाचे वय, शरीरयष्टी आणि जीवनक्रम यांवर तो अवलंबून असतो.

३.४ संवेदक व जीवनशैली

रुग्णाच्या अनुभवाचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे येथे दिसते. सायनस नोड दुर्बल असेल तर श्रमाच्या वेळी हृदयगती आपोआप वाढत नाही. ती वाढविण्यासाठी पेसमेकरमध्ये संवेदक असतो. बहुतेक उपकरणांत शरीराची हालचाल ओळखणारा संवेदक असतो. चालताना धड हलते, त्यामुळे तो चांगले काम करतो. सायकल चालविताना मात्र पाय राबत असले तरी छातीचा भाग बराच स्थिर राहतो. संवेदकाला श्रम पुरेसे कळत नाहीत आणि हृदयगती मागे पडते. काही उपकरणांत श्वसनाचे प्रमाण ओळखणारा संवेदक असतो. श्वास वाढला की तो गती वाढवितो. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या त्रासाचे कारण यात दडलेले होते. पुढील तपासणीत त्यांनी स्वतः हे सांगितले, तेव्हा संवेदकाची संवेदनशीलता वाढवून काही अंशी सुधारणा झाली. बदलापूर्वी हे बोलणे झाले असते, तर निराळ्या संवेदकाचा विचार तरी करता आला असता.

हार्ट ब्लॉकच्या रुग्णांची अडचण वेगळी असते. तेथे अलिंदाची गती नैसर्गिकरीत्या वाढते आणि पेसमेकर तिचा पाठपुरावा करतो. मात्र त्याला एक कमाल मर्यादा घालून दिलेली असते. नॉर्वेतील संगणक-सुरक्षा संशोधक मारी मो यांचा जाहीरपणे सांगितलेला अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. पेसमेकर बसविल्यानंतर लंडनच्या भुयारी रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या चढताना त्यांना एकाएकी अतिशय धाप लागली. त्यांच्या उपकरणाची कमाल मर्यादा मिनिटास १६० ठोके होती. ती ओलांडताच हृदयगती निम्म्यावर आली. वृद्ध रुग्णाला ही मर्यादा कदाचित कधीच जाणवली नसती. एका तरुण, धावपळ करणाऱ्या स्त्रीसाठी ती अपुरी होती. उपकरण बिघडलेले नसले तरी ते त्या व्यक्तीच्या जीवनाशी जुळवून घेतलेले नसू शकते, असा या उदाहरणाचा आशय आहे.

३.५ एमआरआय, दूरस्थ देखरेख आणि सुरक्षितता

पूर्वी पेसमेकर असलेल्या व्यक्तीची एमआरआय तपासणी वर्ज्य मानली जाई. २०११ साली अमेरिकेत विशिष्ट अटींसह एमआरआयला अनुकूल अशा पहिल्या पेसमेकर प्रणालीस मान्यता मिळाली. येथे ‘प्रणाली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ नवी डबी अनुकूल असून भागत नाही, जुन्या ताराही त्या डबीसह मान्यताप्राप्त असाव्या लागतात. त्यामुळे कंपनी बदलल्यास ही अनुकूलता गमावण्याची शक्यता असते. पाठीच्या वा मेंदूच्या विकारामुळे वारंवार एमआरआय लागू शकणाऱ्या रुग्णाने हे आधीच सांगणे आवश्यक आहे.

आजची अनेक उपकरणे घरबसल्या आपली माहिती रुग्णालयाकडे पाठवितात. ग्रामीण भागातून तपासणीसाठी शहरात येणाऱ्या वृद्धांना ही सोय मोलाची आहे. तथापि घरात मोबाइलचे जाळे पोहोचते काय, संदेश कोणत्या भाषेत येतात, माहिती पाहणारी यंत्रणा संबंधित रुग्णालयात प्रत्यक्षात आहे काय, हे प्रश्न खरेदीपूर्वी विचारावयास हवेत. जोडणीबरोबर जोखीमही येते. २०१७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुमारे ४,६५,००० पेसमेकरमधील संगणकीय सुरक्षेच्या त्रुटीबाबत सूचना काढली. खबरदारी म्हणून उपकरणे काढून टाकण्याची शिफारस प्रशासनाने केली नाही. सुधारित प्रणाली घ्यावी किंवा कसे, याची रुग्ण व डॉक्टर यांनी चर्चा करावी, असे सुचविले. नियामक संस्थेनेही निर्णयाचे स्थान या उभयतांच्या संवादात मानले, ही बाब उल्लेखनीय आहे.

४. निवडीच्या मर्यादा

रुग्णाचा सहभाग म्हणजे बाजारातून मनपसंत वस्तू आणणे नव्हे. जुन्या तारांचे टोक नव्या डबीत बसले पाहिजे. सध्याची जोडणी आंतरराष्ट्रीय मानकानुसार असली तरी फार जुन्या तारांना स्वतंत्र जोडतुकडा लागू शकतो. लीडविरहित, थेट हृदयाच्या कप्प्यात बसविला जाणारा पेसमेकर २०१६ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. परंतु तो सर्व विकारांत योग्य नसतो आणि त्याचा खर्चही मोठा असतो. संबंधित डॉक्टरांना ज्या उपकरणाचा अनुभव आहे, तेही विचारात घ्यावेच लागते. बॅटरी पूर्णपणे उतरल्यावर दाखल झालेल्या रुग्णाशी दीर्घ चर्चा शक्य नसते.

आपल्याकडील मोठी मर्यादा आर्थिक आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांमुळे अनेक कुटुंबांना आधार मिळतो. मात्र योजनेत ठराविक दराच्या मर्यादेत उपकरण घ्यावे लागते. स्वखर्चाने उपचार घेणाऱ्याला एका उपकरणाऐवजी दुसरे घेण्यासाठी दागिने मोडावे लागतात, कर्ज काढावे लागते. ‘सर्वांत महाग ते सर्वांत चांगले’ हा समज यातूनच बळावतो. आपल्या वडिलांसाठी आपण काही कमी केले नाही, हे समाधान मुलांना हवे असते. वडिलांना त्या वाढीव किमतीतून नेमके काय मिळते, हा प्रश्न बाजूला पडतो.

दुसरी मर्यादा सांस्कृतिक आहे. ‘डॉक्टर म्हणतील तसे’ आणि ‘मुले बघतील काय ते’ या दोन वाक्यांत आपल्याकडील वृद्ध रुग्ण स्वतःला निर्णयातून वगळून घेतो. त्यामागे विश्वास असतो, तसाच संकोचही असतो. कुटुंबाचा आधार ही आपली जमेची बाजू आहे. मात्र कुटुंबाने रुग्णाच्या वतीने बोलणे आणि रुग्णाला बोलते करणे यांत अंतर आहे.

५. कायदेशीर व नैतिक अधिष्ठान

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निकालानुसार संमती ‘खरी व वैध’ असली पाहिजे. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, लक्षणीय धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळणे त्यासाठी आवश्यक ठरते. या सूचीतील ‘पर्याय’ हा शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही माहिती, वैद्यकीय नोंदी आणि माहितीपूर्ण संमती यांचे हक्क समाविष्ट आहेत.

जीवनाच्या अखेरच्या टप्प्यावर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. असाध्य व्याधीने ग्रासलेल्या, शस्त्रक्रिया नको असे स्पष्टपणे सांगणाऱ्या रुग्णाचा पेसमेकर केवळ बॅटरी संपली म्हणून बदलावा काय? अर्थपूर्ण लाभाची शक्यता नसेल किंवा रुग्णाची उद्दिष्टे निश्चितपणे त्याविरुद्ध असतील, तर उपकरण बसवू वा बदलू नये, असे वर उल्लेखिलेली २०१८ ची तत्त्वे सांगतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणी ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ वैद्यकीय निर्देश यांना मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. याच संदर्भात एक व्यावहारिक बाब कुटुंबीयांना माहीत असावयास हवी : दहनविधीपूर्वी पेसमेकर काढणे आवश्यक असते, कारण उष्णतेने त्याची बॅटरी स्फोट पावू शकते.

६. सहभाग प्रत्यक्षात कसा घडावा?

वरील विवेचनावरून पुढील बाबी सुचविता येतात.

१. रुग्णाने पेसमेकरचे ओळखपत्र, तारांचे तपशील व प्रत्येक तपासणीचा अहवाल एका संचिकेत जपून ठेवावा.

२. बॅटरीचे एक-दोन वर्षांचे आयुष्य शिल्लक असतानाच बदलाविषयी पहिले बोलणे व्हावे.

३. कोणत्या कामात दम लागतो, चक्कर येते, जखमेची जागा कोठे टोचते, याची साध्या शब्दांतील टिपणे रुग्णाने सोबत न्यावीत.

४. पर्याय किती, प्रत्येकाचे अपेक्षित आयुष्य किती, नवी तार घालावी लागेल काय, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोणती काळजी घेतली जाईल आणि खर्चातील फरकामुळे काय लाभ होईल, हे प्रश्न रुग्णासमक्ष विचारले जावेत.

५. संमतिपत्र मराठीत असावे व ते शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी नव्हे, तर आदल्या भेटीत वाचावयास मिळावे.

महाविद्यालयीन अध्यापकांना या कामी विशेष भूमिका बजावता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून, विस्तार-व्याख्यानांतून आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान, विधी यांसारख्या विषयांच्या प्रकल्पांतून अशी प्रश्नावली मराठीत तयार करणे सहज शक्य आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा रुग्ण असतो, हेही विसरून चालणार नाही.

७. समारोप

पेसमेकरचा बदल ही जुन्या निर्णयाची यांत्रिक पुनरावृत्ती मानली, तर रुग्णाच्या वाट्याला केवळ सही उरते. तो नवा निर्णय आहे असे मानले, तर डॉक्टरांचे ज्ञान आणि रुग्णाचा अनुभव या दोहोंची त्यात आवश्यकता भासते. तारा जुळतात की नाही, हे डॉक्टर जाणतात. चढावर पाय कोठे गळतात, हे रुग्ण जाणतो. या दुसऱ्या प्रकारच्या माहितीची नोंद कोणतेही यंत्र पूर्णपणे करू शकत नाही, ती विचारावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांना आणखी काही वर्षांनी पुन्हा या प्रसंगास सामोरे जावे लागेल. त्या वेळी व्हरांड्यात उभे राहून बोलण्याऐवजी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसावे आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्यावा, असा लेखकाचा निश्चय आहे.